नाचताना आपण सरळ उभे असतो का?

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी वर्षात हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या वर्षी याच माइकवरून मी नॉमिनेशन आणि मृत्युपत्र या विषयावर बोललो होतो. त्यामुळे आज मी नाचावर बोलणार असं नोटीस बोर्डवर वाचून दोघा-तिघांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, की विषय चुकून छापलाय का? चुकून नाही. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण त्रेसष्टाव्या वर्षी मी कथक शिकायला लागलो हे मुख्यतः आमच्या खालच्या फ्लॅटमधल्या कुटुंबालाच माहीत आहे, आणि त्यांनी ते फार सोसलं आहे. त्यांचे जाहीर आभार.

झालं असं, की नातीला भरतनाट्यमच्या क्लासला सोडायचं काम माझ्याकडे होतं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मोठ्यांसाठी कथकचा क्लास चालायचा. तासभर जिन्यात पेपर वाचत बसण्यापेक्षा वर जाऊन उभं राहिलेलं बरं, एवढाच विचार. पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम या दोन परीक्षाही दिल्या. परीक्षेच्या खोलीबाहेर दहा-बारा वर्षांची मुलं रांगेत, आणि मधे मी. एका मुलीच्या आईने आपुलकीने विचारलं, "आजोबा, तुमची नात आत गेली का?" मी म्हटलं, "नाही हो, माझाच नंबर यायचाय."

आता मुद्द्यावर येतो. महोत्सवाच्या कार्यक्रमाची तालीम गेले दोन महिने चालू आहे. मुलींचं भरतनाट्यम, वहिनीमंडळींचं कोळीनृत्य आणि आम्हा ज्येष्ठांची दिंडी. या दोन महिन्यांत काय झालं तेही सांगतो, कारण ते जिन्यात सगळे बोलतात आणि मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. कोळीनृत्यातून दोन वहिनी बाहेर पडल्या, गुडघे धरले म्हणून. आमच्या दिंडीतले एक गृहस्थ गिरकी घेताना कलंडले, खांबाला हात लागला म्हणून वाचले. आणि मुलींच्या गटात माझ्या नातीचाच उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला. ती बारा वर्षांची आहे, गेली पाच वर्षं शिकतेय. घरात "क्लास बंद करायचा का" हा प्रश्न उभा राहिला. सूनबाईंचं म्हणणं, शरीरापेक्षा नाच मोठा नाही. नातीचं म्हणणं, नाच बंद केला तर मी जेवणार नाही. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर, आणि मध्यस्थ मी. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं. इजा काही झालेली नाही, तीन आठवडे विश्रांती घ्या आणि बसण्याची पद्धत सुधारा, असं सांगितलं. आजचं भाषण या "पद्धत सुधारा" दोन शब्दांवर आहे. ती सुधारायची तर आधी ती बिघडलीय कुठे, ते कळायला हवं. आणि गंमत अशी, की ते ज्याचं त्याला कळत नाही.

बँकेत एक साधा नियम असतो. एंट्री ज्याने केली, त्याने ती पास करायची नाही. माणूस अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. आपण लिहिलेला आकडा आपल्याला बरोबरच दिसतो म्हणून. 69 चे 96 झालेले असतात आणि आपण तिसऱ्यांदा बघूनही ते 69 च वाचतो. दुसरा माणूस येतो आणि दोन सेकंदांत बोट ठेवतो. शरीराचं अगदी तसंच आहे. उभं राहतं तेही तेच, आणि "मी सरळ उभा आहे" असा शेरा मारतं तेही तेच. वीस वर्षं डावीकडे कललेल्या माणसाला कललेलं असणं हेच सरळ वाटतं. त्याला कोणी खरंच सरळ उभं केलं तर तो म्हणतो, "अहो, मला वाकडं का उभं करताय?"

याचं एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. एफ. मथायस अलेक्झांडर नावाचा गृहस्थ 1869 साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मला. रंगमंचावर उतारे म्हणून दाखवायचा त्याचा व्यवसाय, आणि नेमका त्याचाच आवाज बसायला लागला. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. विश्रांतीने बरं वाटायचं, पुन्हा म्हणायला लागला की पुन्हा बसायचा. म्हणजे दोष घशात नव्हता, म्हणताना तो जे काही करत होता त्यात होता. मग हा पठ्ठ्या आरशासमोर उभा राहून स्वतःला बघू लागला. तोंड उघडताना तो डोकं मागे खेचून मान दाबत होता. बरं, कारण सापडलं. आता डोकं पुढे न्यायचं. त्याने नेलं, त्याला पक्कं वाटलं की नेलंय. म्हणून त्याने बाजूला आणखी दोन आरसे लावले, आणि त्यात दिसलं की डोकं अजूनही मागेच जातंय! वाटत होतं एक, घडत होतं दुसरंच. त्यावरून त्याने शिकवण्याची एक पद्धत उभी केली, 1932 साली "द यूज ऑफ द सेल्फ" हे पुस्तक लिहिलं, आणि आजही जगभर नट, गायक, नर्तक ती पद्धत शिकतात. तुम्ही ती शिकायलाच हवी असं मी म्हणत नाही. मला त्यातला आरशांचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याने स्वतःच्या वाटण्यावर विश्वास ठेवला नाही, बाहेरचा साक्षीदार आणला.

तर आपले साक्षीदार कोण? भिंत, दोरा, पाणी, खडू आणि मोबाईल. खर्च जवळजवळ शून्य, त्यामुळे कमिटीने कोटेशन मागवायची गरज नाही.

पण त्याआधी सरळ म्हणजे काय? आमच्या पिढीला सरळ म्हटलं की शाळेतलं "सावधान" आठवतं. छाती पुढे, पोट आत, खांदे मागे, श्वास बंद. ते नाचासाठी सरळ नव्हे. पाठकण्याला मुळातच बाक असतात, मानेत आत, पाठीत बाहेर, कमरेत पुन्हा आत. ते बाक पुसून टाकायचे नसतात. बाजूने पाहिलं तर कान, खांद्याचं टोक, खुब्याचं बाहेरचं हाड, गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढचा भाग आणि घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढची जागा साधारण एका उभ्या रेषेत यावी, एवढंच. आपल्या नाट्यशास्त्रात याला "सौष्ठव" म्हटलं आहे, आणि त्याचं वर्णन करताना कंबर आणि कान एका मेळात, कोपर, खांदे आणि डोकं समपातळीत, छाती उचललेली, असंच सांगितलं आहे. गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो, तसा हा माणसाचा ओळंबा. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते कण्यावर तोललेलं असलं तर त्याचं ओझं जाणवत नाही. पुढे लोंबलं, की मानेमागच्या स्नायूंना दिवसभर ती थैली धरून उभं राहावं लागतं. मोबाईलवाल्या सर्वांनी, माझ्यासकट, याची नोंद घ्यावी.

दोऱ्याची तपासणी करायला हॉलच्या दाराच्या चौकटीला वरून एक दोरा बांधा, खाली जड किल्ली लटकवा. दोरा घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे येईल असं त्याच्या बाजूला उभं राहायचं, आणि दुसऱ्याने मोबाईलवर बाजूने फोटो काढायचा. कुर्ता कमरेत खोचलेला, ओढणी बांधलेली, केस वर. सैल कपड्यांत वाकडेपणा छान लपतो. फोटो काढताना "सरळ उभी राहा हं" असं सांगू नका. ऑडिटर येणार म्हणून आदल्या रात्री कपाट आवरलेल्या शाखेची तपासणी काय कामाची? दोन-तीन वेळा जागेवर पावलं मारायला सांगा, डोळे मिटायला सांगा, आणि माणूस थांबला की काढा.

भिंतीची तपासणी तर एकट्यालाही करता येते. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायच्या, बसायचा भाग आणि पाठ भिंतीला टेकवायची. कमरेमागच्या पोकळीत तळहात सपाट सरकला तर ठीक. मूठ आरपार जात असेल तर कमरेचा बाक जास्त आहे, बोटही शिरत नसेल तर कमी. मग डोकं. हनुवटी वर न करता ते टेकतं का? आमच्या वयात बऱ्याच जणांचं टेकत नाही. ते जबरदस्तीने टेकवायचं नाही, किती बोटं दूर राहतं ते वहीत लिहायचं आणि महिन्याने पुन्हा बघायचं.

मुलांना पाण्याची तपासणी आवडेल. पाय ओले करून जुन्या वर्तमानपत्रावर उभं राहायचं. ठसा बघायचा. तळव्याच्या आतल्या बाजूला कमान उठते का, दोन्ही पायांचे ठसे सारखे आहेत का? वजन टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तिन्हींवर असावं, तिवईसारखं. सोबत रोजची जुनी चप्पल उलटी करून बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं नेहमीचंच. पण एकच चप्पल झिजलीय, किंवा आतली कड खाल्ली गेलीय, तर ती चप्पल काहीतरी सांगतेय. चपलेला आपलं मन राखायचं नसतं.

आणि पालकांसाठी एक सांगून ठेवतो, याचा नाचाशी थेट संबंध नसला तरी. साधारण दहा ते चौदा वयातल्या मुलामुलींना पाय जुळवून, हात सोडून, कमरेतून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा. एका बाजूची पाठ दुसरीपेक्षा स्पष्ट उंच दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. त्या वयात पाठकणा बाजूला वळत असेल तर लवकर कळलेलं बरं. थोडाफार डावा-उजवा फरक मात्र सगळ्यांच्यातच असतो, त्याची भीती घेऊ नका. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. छत्तीस वर्षं लेजर ओढण्याचा आणि रिसीव्हर मानेत धरण्याचा तो पुरावा आहे, आता ती वसुली होणं कठीण.

इथपर्यंत उभं राहणं झालं. पण नाच म्हणजे उभं राहणं नाही. ताठ उभा राहणारा माणूस हललेला दिसला की खरा हिशेब कळतो.

भरतनाट्यमची मूळ बैठक म्हणजे अरैमंडी, अर्धी बैठक. टाचा जवळ, पावलं बाहेर, गुडघे बाहेर वाकलेले, पाठ उभी. समोरून बघताना गुडघे आणि टाचा मिळून छान चौकोन दिसतो. सगळी गोम त्या "बाहेर" शब्दात आहे. पाय बाहेर वळतो तो खुब्यातून वळला पाहिजे. गुडघ्याचा सांधा मुख्यतः बिजागरीसारखा आहे, दारासारखा उघडतो नि मिटतो. बिजागरीला पिळलं तर काय होतं हे आपल्या सोसायटीच्या मीटर रूमच्या दाराने सगळ्यांना शिकवलेलं आहे. खुबा जितका वळतो त्यापेक्षा पावलं जास्त बाहेर लावली, की उरलेला पीळ गुडघ्याच्या आतल्या बाजूला आणि घोट्याला जातो. पावलाची कमान आत कोसळते, गुडघा आत पडतो.

नातीचं नेमकं हेच होतं. आम्ही मोबाईल तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर स्टुलावर ठेवला आणि समोरून चित्रण केलं. पहिल्या मिनिटात सगळं सुरेख. मी म्हटलं चालू ठेव. चौथ्या मिनिटाला, दम लागल्यावर, उजवी गुडघ्याची वाटी अंगठ्याच्याही आत बघायला लागली. पाऊल एकीकडे, गुडघा दुसरीकडे. तिला दाखवलं तर ती म्हणाली, "आजोबा, मला तर दोन्ही सारखेच वाटत होते." त्यासाठीच मी सांगतो, चित्रण करायचं ते सरावाच्या सुरुवातीचं नको, शेवटच्या पाच मिनिटांचं करा. बँकेतही रोकड दिवसअखेर मोजतात.

मग आपला खुबा किती वळतो हे कसं कळणार? पाठीवर झोपायचं, पाय छताकडे सरळ वर करायचे, टाचा जुळवायच्या, आणि जमिनीचा आधार नसताना मांड्या बाहेर वळवायच्या. पावलांमध्ये जो कोन होतो, तो साधारण तुमच्या खात्यातली खरी शिल्लक. उभं राहिल्यावर जमिनीला पावलं घासून त्यापेक्षा जास्त कोन दाखवलात, तर तो ओव्हरड्राफ्ट आहे आणि त्याचं व्याज गुडघा भरतो. हा कोन प्रत्येकाचा वेगळा. खुब्याच्या हाडाची ठेवण जन्मजात असते, सरावाने स्नायू सैल होतात, बळकट होतात, पण मोठ्या माणसाच्या हाडाचा आकार बदलत नाही. शेजारच्या मुलीची पावलं पूर्ण आडवी जातात म्हणून आपल्याही मुलीची गेली पाहिजेत, हा आग्रह मार्कांच्या आग्रहाइतकाच निरर्थक आहे.

दुसरी खूण पाठीची. खाली बसताना बसायचा भाग मागे निघाला, कमरेत पोकळी पडली आणि छाती पुढे आली, तर आपण जेवढं झेपतं त्यापेक्षा खाली गेलो आहोत. पुन्हा भिंत. पाठ भिंतीला हलकी टेकवून, टाचा थोड्या पुढे ठेवून हळूहळू खाली सरकायचं. कमरेमागची पोकळी वाढायला लागली की थांबायचं. ती आजची तुमची अरैमंडी. उद्या कदाचित एक बोट खाली.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. मुलींच्या नाचाचं चित्रण होणार आहे, सगळ्या एकाच उंचीवर बसलेल्या दिसाव्यात अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण नऊ मुलींचे अठरा खुबे एका मापाचे नाहीत. रांग वरखाली दिसली तर दिसू दे. डोकी समपातळीत हवी असतील तर उंच मुलींना मागे उभं करा. माझी नात सध्या अर्ध्याच्याही अर्धी बसते, गुडघा आणि पावलाचं दुसरं बोट एका दिशेला ठेवून. तिच्या बाई त्याला तयार आहेत. कार्यक्रमाला अजून पाच आठवडे आहेत, ती त्या दिवशी नाचेल की नाही हे तिचा गुडघा ठरवेल. समोरची रांग चुकली म्हणून ती रुसली आहे, तो वेगळा विषय.

कथकचं गणित वेगळं. तिथे खाली बसायचं नाही, उभ्यानेच सगळं. "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" करताना तळवा सपाट पडतो, आणि प्रत्येक पायात शंभर-शंभर घुंगरू. इथे उलटी सवय लागते. गुडघे मागे ढकलून कुलूप लावलं जातं. तसं केलं की हादरा सरळ वर कमरेला जातो. गुडघे ढिले नकोत, पण कुलूपही नको, दार लोटलेलं असावं तसे असावेत. बाजूने चित्रण करून बघा, मांडी आणि पोटरी मिळून मागे धनुष्यासारखा बाक दिसतोय का? दुसरं, तत्कार करताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना कंबर डावी-उजवी झोके घेते का? डोक्यावर पातळ वही ठेवून एक आवर्तन करा. वही पडली तरी हरकत नाही, ती कुठल्या बाजूला पडते ते बघा. माझी नेहमी उजवीकडे पडते. लेजर!

चक्करांची तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण तिथे वाद घालायला जागाच नाही. जमिनीवर खडूने फुली मारायची, त्यावर उभं राहून पाच चक्कर घ्यायच्या, थांबलो तिथे दुसरी फुली. दहा दिवस असं करा. फुल्या जर एकाच दिशेला जमत असतील, तर तुमचा अक्ष त्या दिशेला कललेला आहे. मग खांदा बघा, नजर बघा. बहुतेकदा असं होतं, की नजर एका जागी टिकत नाही, किंवा एक खांदा आधी वळतो आणि कंबर मागाहून येते. ज्येष्ठांनी मात्र हे एकट्याने करू नये, आणि रक्तदाबाची गोळी घेतल्या घेतल्या तर मुळीच नको. आमच्यासाठी सौम्य प्रकार आहे. फुलीवर उभं राहून डोळे मिटून जागच्या जागी पन्नास पावलं टाकायची, दोन्ही बाजूंना माणूस उभा ठेवून. डोळे उघडल्यावर थोडंफार फिरलेलं दिसणं साहजिक आहे. पण पार दुसऱ्या भिंतीकडे तोंड झालं असेल, किंवा तोल जात असेल, तर डॉक्टरांना विचारा, आणि तोवर दिंडीत टाळ वाजवायला मधे उभे राहा, गिरकी दुसऱ्याला द्या.

आता सुधारायचं कसं? सगळ्यात आधी, ओढून-ताणून सरळ व्हायचं नाही. खांदे मागे खेचून उभा राहिलेला माणूस दोन मिनिटं टिकतो, मग दुप्पट वाकतो. शोधायचं हे, की काय सोडून दिलं तर मी सरळ होईन. बहुतेक वेळा जबडा, पोटाचा वरचा भाग आणि पायाची बोटं, या तीन ठिकाणी आपण उगाच धरून ठेवलेलं असतं. श्वास मोकळा चालू आहे का, ही खूण. बोल म्हणता येत असतील तर श्वास चालू आहे, म्हणून कथकमध्ये पढंत करत नाचण्याची शिस्त मला फार शहाणपणाची वाटते.

आणि एका वेळी एकच गोष्ट. आठवडाभर फक्त पावलाची तिवई. पुढचा आठवडा फक्त गुडघ्याची दिशा. सगळं एकदम दुरुस्त करायला गेलं की नाच बाजूला राहतो आणि माणूस लाकडाच्या बाहुलीसारखा दिसतो. ताकदही लागते. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून हळू वर-खाली, दहा-बारा वेळा. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं, पण टाच बाहेर न कलता सरळ वर. एका पायावर उभं राहणं, बोट भिंतीला लावून, आणि आरशात बघायचं की उचललेल्या बाजूची कंबर खाली लोंबतेय का. लोंबत असेल तर ज्या पायावर उभे आहात त्याच्या खुब्याचे स्नायू कमजोर आहेत. हे सगळं चहा उकळेपर्यंत होतं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंतीचे दोर, पट्टे आणि लाकडी ठोकळे वापरून हेच तत्त्व योगासनांत आणलं, शरीराला बाहेरून खूण द्यायची म्हणजे त्याला आपली जागा कळते. आपल्याकडे ठोकळे नसले तरी जाडजूड जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या काही घरांत अजून आहेत, मला माहीत आहे.

दुखणं आणि थकवा यातला फरकही मुलांना शिकवा. मांडीच्या मधल्या मांसात जळजळ होते ती मेहनतीची. सांध्यात टोचतं, एकाच जागी टोचतं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना टोचतं, ते थांबण्याचं. तिथे "थोडं सहन कर" हे कुठल्याही गुरूने, आईने किंवा आजोबाने म्हणू नये.

शेवटचा विषय हॉलचा. येत्या सर्वसाधारण सभेत या भिंतीवर पूर्ण लांबीचे आरसे लावायचा ठराव आहे. मी त्याच्या विरुद्ध नाही, पण माझं मत विचाराल तर पैसे आधी जमिनीवर खर्च करावेत. खाली काँक्रीट, वर गुळगुळीत फरशी. आपटलेला प्रत्येक पाय जसाच्या तसा गुडघ्यात परत येतो, आणि सतरंजी टाकली तर ती सरकते. नाचाच्या चांगल्या जागी खाली पोकळी ठेवून लाकडी जमीन करतात, ती थोडी दबते. संपूर्ण हॉलला जमणार नाही, पण घडीचा लाकडी मंच होऊ शकतो, लग्नाकार्यालाही उपयोगी पडेल. खजिनदारांनी चेहरा केला तो मी पाहिला. आरसे लावलेच, तर त्यावर पडदाही लावा. आरशात बघत नाचणाऱ्याची मान कायम समोर अडकते, आणि बाजूचं तर त्याला दिसतच नाही. तोवर उड्यांचा भाग तालमीत एकदाच पूर्ण जोराने करावा, बाकी वेळा नुसत्या खुणेने, एवढी विनंती मी तिन्ही गटांना करतो.

बाहेर पडलेल्या दोन्ही वहिनी आज हॉलमध्ये आहेत. नाव घेत नाही. शनिवारी संध्याकाळी सहाला मी इथे दोरा, खडू आणि स्टूल घेऊन येणार आहे. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर या, आधी बघू या गुडघा कुठे बघतोय, मग ठरवा नाचायचं की नाही. बाकीच्यांनी जुने पेपर आणि जुनी चप्पल आणावी. नवी आणू नका, तिच्यात काही लिहिलेलं नसतं. मोबाईल चार्ज करून आणा. पाण्याची बादली वॉचमनदादांना सांगून ठेवली आहे. जमीन ओली होईल, तेव्हा मुलांनी धावायचं नाही.